दात काढताच दंतरोपण : हाड भरते कसे आणि आटते का

लखनौ – गोमतीच्या उत्तरेस वसलेल्या अलीगंज परिसरात, देशातील कोणत्याही वाढत्या शहरी वस्तीप्रमाणेच, खासगी दंतचिकित्सालयांची संख्या मोठी आहे. नदीपलीकडे चौक भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाची दंतविज्ञान शाखा आहे. दुखावलेला दात घेऊन येणाऱ्या रुग्णासमोर आज लखनौत काय किंवा नागपूर, पुणे, कोल्हापुरात काय, एकच प्रश्न ठेवला जातो : दात काढल्यावर त्याच बैठकीत, त्याच खोबणीत इम्प्लांट बसवायचे, की जखम भरेपर्यंत थांबायचे? शब्द ‘तात्काळ’ असला तरी तात्काळ होते ते केवळ रोपण. त्यानंतर हाडात आणि हिरडीत जे घडते ते आपल्याच गतीने, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने घडते. रुग्णाच्या पैशाचे आणि समोरच्या दाताच्या रूपाचे भवितव्य ठरते ते याच काळात.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा आटेदार खिळा. त्यावर जोडतुकडा आणि त्यावर कृत्रिम दात, अशी त्याची रचना असते. टायटॅनियम आणि जिवंत हाड यांच्या सलगीचा शोध दंतवैद्यकात लागला नाही. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेला टायटॅनियमचा निरीक्षण-कक्ष काम संपल्यावर निघेना, कारण हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची पहिली रोपणे बसवली. ती लार्सन यांच्या २००६ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ टिकली. हाड आणि धातू यांच्यामध्ये मऊ ऊतींचा पडदा न राहता दोहोंचा थेट संपर्क होण्याच्या या अवस्थेला ऑसिओइंटिग्रेशन, म्हणजे अस्थिसमाकलन, असे नाव पडले. १९८२ मध्ये टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यकाने हे तंत्र खुलेपणाने स्वीकारले.

ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत मात्र धीराची होती. दात काढल्यावर खोबण पूर्ण भरून हाड परिपक्व होईपर्यंत अनेक महिने थांबायचे, मग इम्प्लांट बसवून ते हिरडीखाली झाकायचे, खालच्या जबड्यात साधारण ३ ते ४ महिने आणि वरच्या जबड्यात ६ महिने त्याला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरच दात चढवायचा. रुग्णाचे एक वर्ष सहज जाई. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे विल्ली शुल्टे यांनी १९७०च्या दशकातच ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची रोपणे काढलेल्या दाताच्या जागी लगेच बसवण्याचा प्रयोग केला होता. टायटॅनियमच्या बाबतीत ही वाट १९८०च्या दशकाच्या अखेरीस रुळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमती-अहवालाने रोपणाच्या वेळेचे चार प्रकार ठरवले. पहिला दात काढल्याच दिवशी. दुसरा हिरडी भरल्यावर, ४ ते ८ आठवड्यांनी. तिसरा खोबणीत पुरेसे हाड दिसू लागल्यावर, १२ ते १६ आठवड्यांनी. आणि चौथा पूर्ण भरलेल्या जागी, १६ आठवड्यांनंतर. आजही दंतवैद्य याच भाषेत बोलतात.

रिकामी खोबण काय करते

इम्प्लांटभोवतीचे भरणे समजण्यासाठी आधी इम्प्लांटशिवायची खोबण पाहावी लागते. दात निघताच खोबण रक्ताने भरते आणि काही मिनिटांत त्याची गुठळी होते. ही गुठळी हाच पुढच्या साऱ्या बांधकामाचा पाया. पुढील दोन-तीन दिवसांत पांढऱ्या पेशी तेथे येऊन जंतू आणि मृत पेशी साफ करतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस गुठळीच्या जागी केशवाहिन्यांनी भरलेली लालसर, मऊ ऊती आलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खोबणीच्या तळाशी आणि भिंतींलगत कोवळ्या, जाळीदार हाडाचे पहिले धागे दिसू लागतात. दोन महिन्यांच्या सुमारास खोबण बऱ्याच अंशी अशा हाडाने भरते. त्याचे स्तरित, पक्क्या हाडात आणि मज्जेत रूपांतर होण्यास मात्र आणखी कित्येक महिने लागतात. वरून हिरडी याच्या बरीच आधी मिटते, म्हणून रुग्णाला जखम बरी झाली असे वाटते. आत काम नुकते सुरू झालेले असते.

याच काळात उलटी प्रक्रियाही चालू असते. आतून हाड भरते आणि बाहेरून जबड्याची कड झिजते. दाताच्या मुळाला हाडाशी बांधणारे तंतू ज्या पातळ थरात रुतलेले असतात, त्याला बंडल बोन म्हणतात. या थराचे अस्तित्व दातावरच अवलंबून असते. दात गेला की त्याचे प्रयोजन संपते आणि शरीर तो विरघळवून टाकते. ब्राझीलचे माउरिसिओ आराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरील अभ्यासात दाखवून दिले की ओठाकडच्या भिंतीचा वरचा काठ बहुतांशी याच थराचा बनलेला असतो. त्यामुळे दात काढल्यावर पहिल्या आठ आठवड्यांत जिभेकडची भिंत फारशी ढळत नाही, पण ओठाकडची भिंत उंचीने खाली येते. रक्तपुरवठ्याचा दोषही त्यात मिळतो. पातळ भिंतीत स्वतःची मज्जा नसते. तिला रक्त मिळते ते दातालगतच्या तंतूंतून आणि हाडावरील आवरणातून. दात काढताना पहिला मार्ग तुटतो, आणि शस्त्रक्रियेसाठी हिरडी उचलली तर दुसराही.

मानवी जबड्यातील मोजमापे याला दुजोरा देतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वंकष आढाव्यानुसार दात काढल्यावर ६ महिन्यांत कडेची रुंदी २९ ते ६३ टक्क्यांनी आणि उंची ११ ते २२ टक्क्यांनी घटते. वरच्या जबड्यातील पुढच्या दातांबाबत परिस्थिती अधिक नाजूक आहे. २०१० मधील एका अभ्यासात त्या भागातील ८७ टक्के खोबणींची ओठाकडची भिंत १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ आढळली. २ मिलिमीटर जाडीची भिंत अवघ्या ३ टक्के जागी होती. जाडीतील हा फरक किती महाग पडतो, हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी २०१३ मध्ये त्रिमितीय क्ष-किरण चित्रांतून मोजले : दात काढल्यावर आठ आठवड्यांत पातळ भिंतीची उंची मध्यमानाने ७.५ मिलिमीटरने घटली, जाड भिंतीची केवळ १.१ मिलिमीटरने.

एक लाडका समज

तात्काळ रोपणाचा प्रसार झाला त्यामागे एक तर्क होता आणि तो ऐकायला अगदी पटणारा होता. दाताच्या जागी लगेच कृत्रिम मूळ ठेवले तर हाडाला दात आहे असेच वाटेल आणि ते झिजणार नाही, असे १९९०च्या दशकात अनेक तज्ज्ञ मानत. प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली हा समज टिकला नाही. आराउजो व लिंडे यांच्याच गटाने ताज्या खोबणीत बसवलेल्या इम्प्लांटभोवतीच्या हाडाचा अभ्यास केला. चार आठवड्यांनी इम्प्लांट आणि भिंत यांच्यामधील फट कोवळ्या हाडाने भरून आली होती आणि धातूशी त्याचा संपर्कही झाला होता. बाराव्या आठवड्यापर्यंत मात्र ओठाकडची भिंत झिजत जाऊन इम्प्लांटच्या वरच्या भागाचा काही हिस्सा पुन्हा उघडा पडला. आधी जुळलेले हाडही त्या झिजेत गेले.

माणसांत १८ रुग्णांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिएले बोत्तिचेल्ली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात चित्र तसेच होते. चार महिन्यांनी जागा पुन्हा उघडून पाहिली तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या बहुतेक फटी भरलेल्या होत्या. त्याच वेळी ओठाकडच्या हाडाची आडवी जाडी सुमारे ५६ टक्क्यांनी आणि आतील बाजूची सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे इम्प्लांट हाडाशी जुळते, पण हाडाची बाहेरची झीज थांबवत नाही. ‘आजच इम्प्लांट बसवा, म्हणजे हाड वाचेल’ हे वाक्य अद्यापही जाहिरातींत आणि काही सल्लागारांच्या तोंडी आढळते. त्याला जैविक आधार नाही, आणि ते ऐकून घाईने घेतलेला निर्णय समोरच्या दाताच्या बाबतीत महागात पडू शकतो. तात्काळ रोपणाचे खरे फायदे वेगळे आहेत : एक शस्त्रक्रिया वाचते, उपचाराचा एकूण काळ घटतो आणि योग्य रुग्णात पहिल्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. ज्याला कामावर लोकांसमोर उभे राहावे लागते त्याच्यासाठी हे फायदे लहान नाहीत.

धातूच्या आट्यांत हाड

खोबण दाताच्या मुळाच्या आकाराची, इम्प्लांट वाटोळा; दोहोंचा आकार जुळत नाही. त्यामुळे इम्प्लांटला आरंभी पकड मिळते ती खोबणीच्या तळापलीकडील ३ ते ४ मिलिमीटर शाबूत हाडात आणि टाळूकडच्या भिंतीत. या यांत्रिक पकडीला प्राथमिक स्थैर्य म्हणतात. वरच्या भागात, विशेषतः ओठाकडे, इम्प्लांट आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते आणि ती रक्ताने भरते.

आट्यांच्या खाचांत पुढे काय होते हे तोरद बेरग्लुंद आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्राण्यांवरील अभ्यासात टप्प्याटप्प्याने नोंदवले. दोन तासांनी खाचेत फक्त गुठळी असते. चौथ्या दिवशी तिच्या काही भागात नव्या रक्तवाहिन्या आणि तंतुपेशी शिरलेल्या दिसतात. पहिल्या आठवड्यात कोवळ्या हाडाचे पहिले धागे दिसतात, आणि लक्षणीय गोष्ट अशी की ते फक्त जुन्या हाडाच्या कडेने नव्हे तर थेट धातूच्या पृष्ठभागावरही उगवतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांची संख्या वाढते, चौथ्या आठवड्यापर्यंत खाच बऱ्यापैकी भरते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत त्या कोवळ्या हाडाची जागा स्तरित हाड व मज्जा घेऊ लागतात. आजची इम्प्लांटे आम्लाने खरवडलेल्या खरखरीत पृष्ठभागाची असतात ती यासाठीच : गुठळीचे तंतू गुळगुळीत धातूवरून सुटतात, खरखरीत धातूला धरून राहतात, आणि अस्थिजनक पेशी त्या तंतूंवरून धातूपर्यंत पोहोचतात.

सर्वांत नाजूक काळ मात्र पहिला दिवस नव्हे. ज्या जुन्या हाडाने आरंभी इम्प्लांट आवळून धरलेले असते, त्यातील दाबलेला आणि दुखावलेला भाग शरीर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास काढून टाकत असते. नवे हाड तेव्हा अजून पुरेसे पक्के झालेले नसते. जुनी पकड उतरणीला आणि नवी अजून चढणीला, असा हा मधला तळ असतो. वेदना केव्हाच थांबलेली असते, सूज गेलेली असते आणि रुग्णाचे भान सुटते. नेमक्या याच दिवसांत तात्पुरत्या दातावर पेरू चावला, मक्याचे कणीस कुरतडले किंवा रात्री दात खाण्याची सवय राहिली तर इम्प्लांट सूक्ष्म प्रमाणात हलते. साधारण ५० ते १५० मायक्रॉनपर्यंतची, म्हणजे केसाच्या जाडीइतकी हालचाल हाड सहन करते. त्यापलीकडे गेले की फटीत हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते, आणि एकदा असा पडदा आला की इम्प्लांट पक्के होत नाही, ते काढावेच लागते. म्हणूनच तात्काळ दिलेला तात्पुरता दात समोरच्या दाताला स्पर्शणार नाही असा मुद्दाम आखूड ठेवतात. तो दिसण्यासाठी असतो, चावण्यासाठी नव्हे. ज्येष्ठातील मंगळवारी अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराभोवती ‘बडा मंगल’चे भंडारे लागतात, तेथील पुरी-भाजी खाण्यास हरकत नाही, पण घास मागच्या दातांनी आणि दुसऱ्या बाजूने, हे रुग्णाला सांगावेच लागते. महाराष्ट्रात हीच सूचना कडक भाकरी, चकली आणि उसाच्या कांड्याबद्दल द्यावी लागते.

फटीबद्दलचे मत काळानुसार बदलले आहे. पूर्वी २ मिलिमीटरपेक्षा रुंद फट आपोआप भरणार नाही असे मानत. भिंती शाबूत असतील आणि गुठळी टिकली तर त्याहून मोठी फटही भरते, हे बोत्तिचेल्ली यांच्या कामातून दिसले. तरीही फटीत अस्थिचूर्ण भरण्याची शिफारस आज केली जाते, ती फट भरण्यासाठी तितकी नव्हे, जितकी बाहेरची झीज काही प्रमाणात भरून काढण्यासाठी. हे चूर्ण सावकाश विरघळते आणि हिरडीला आतून आधार देते. भारतीय रुग्णासाठी येथे एक प्रश्न उभा राहतो, जो परदेशी पाठ्यपुस्तकांत गौण असतो. सर्वाधिक वापरले जाणारे अस्थिचूर्ण गाय-बैलांच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेले असते. त्यावर घालावयाचा कोलॅजनचा पडदा अनेकदा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतीपासून केलेला असतो. ज्यांच्या श्रद्धेला किंवा आहारनियमांना हे मानवत नाही त्यांच्यासाठी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट किंवा रुग्णाचे स्वतःचे हाड हे पर्याय उपलब्ध आहेत. पदार्थ कोणत्या मूळचा आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगणे हा संमतीचा भाग आहे, आणि सांगितले नाही तर विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. रुग्णाचेच रक्त काचनळीत फिरवून मिळणारा फायब्रिनचा साका भारतात विशेष लोकप्रिय झाला आहे, कारण त्याला यंत्र आणि नळी यांपलीकडे खर्च नाही. हिरडी लवकर भरण्यास त्याची मदत होते. हाडाच्या बाबतीत त्याचा लाभ माफक आहे.

हिरडीचा प्रश्न स्वतंत्र आहे. नैसर्गिक दाताभोवती हिरडीचे तंतू मुळाच्या आवरणात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती तसे रुतणे शक्य नसते. तंतू धातूला समांतर, वेढा घातल्यासारखे राहतात. ६ ते ८ आठवड्यांत सुमारे ३ ते ४ मिलिमीटर उंचीची एक कडी तयार होते आणि तोंडातील जंतूंना हाडापासून दूर ठेवते. ही कडी दाताच्या हिरडीपेक्षा दुबळी असते. हिरडी मुळातच पातळ असेल, इम्प्लांट ओठाकडे झुकलेले असेल किंवा ओठाकडचे हाड ढळले असेल, तर वर्षभरात हिरडी मागे सरते, दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसू लागतो आणि पातळ हिरडीतून धातूची राखाडी छटा डोकावते. इम्प्लांट घट्ट असते, क्ष-किरणात उत्तम दिसते, आणि रुग्ण मात्र हसताना हात तोंडावर धरतो. यशाच्या आकडेवारीत हा रुग्ण ‘यशस्वी’ म्हणूनच मोजला जातो, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. हा धोका कमी करण्यासाठी अनुभवी शल्यक इम्प्लांट टाळूकडे सरकवून बसवतात, शक्य तेथे हिरडी न उचलता काम करतात आणि गरज पडल्यास टाळूवरील ऊतीचा तुकडा ओठाच्या बाजूला हिरडीखाली सरकवतात.

कोणाला थांबायला सांगावे

टिकाऊपणाचे आकडे चांगले आहेत, पण दोन्ही पद्धती अगदी सारख्या नाहीत. २०१९ मधील एका तुलनात्मक आढाव्यात तात्काळ बसवलेल्या इम्प्लांटांचे टिकण्याचे प्रमाण ९४.९ टक्के, तर भरलेल्या जागी बसवलेल्यांचे ९८.९ टक्के निघाले. शंभरातील चारांचा हा फरक लहान वाटतो; तो कोणाच्या वाट्याला येणार हे बऱ्याच अंशी रुग्णाच्या निवडीवर ठरते. ओठाकडची भिंत आधीच नष्ट झालेली असेल, खोबणीच्या तळापलीकडे पकडीपुरते हाड नसेल किंवा पू वाहत असेल तर थांबणेच योग्य. मुळाच्या टोकाशी असलेली जुनी, शांत गाठ हा मात्र आता आपोआप नकार मानला जात नाही; खोबण काळजीपूर्वक खरवडून स्वच्छ केल्यास अशा जागीही निकाल समाधानकारक आले आहेत. हे सारे त्रिमितीय सीबीसीटी चित्राशिवाय आणि दात काढून भिंत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरत नाही. म्हणून दात काढण्यापूर्वीच ‘आज नक्की बसवू’ असे आश्वासन देणारा दंतवैद्य रुग्णाला पाहण्याआधीच निर्णय घेत असतो.

उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत या यादीत अग्रभागी येतो तो तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के, उत्तर प्रदेशातील ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, आणि भारतात चघळण्याच्या तंबाखूचे प्रमाण धूम्रपानापेक्षा अधिक आहे. निकोटीन केशवाहिन्या आकसते; ज्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरायच्या असतात तिचाच पुरवठा तुटतो. गुटखा आणि सुपारीचा आणखी एक घात असा की त्यातून होणाऱ्या मुखतंतुमयतेत तोंड पुरेसे उघडत नाही आणि मागच्या दातापर्यंत ड्रिल पोहोचतच नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि उत्तर प्रदेशात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. दंतचिकित्सालयातील खुर्चीवरून त्या बंदीचा परिणाम शोधावा लागतो. ग्रामीण महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांना निदान एक आठवडा आधी आणि आठ आठवडे नंतर ते पूर्ण बंद ठेवण्यास सांगितले जाते. आठ आठवडे हा आकडा हाड जुळण्याच्या कालावधीवरून आला आहे.

मधुमेह हा दुसरा मोठा घटक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर आटोक्यात असलेल्या रुग्णात रोपण वर्ज्य नाही. आटोक्याबाहेरील साखर मात्र नव्या हाडाची वाढ मंदावते आणि संसर्गाला वाट देते. त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी आधी करून घेतली जाते. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्या, तसेच जबड्यावर किरणोपचार झालेल्या रुग्णांनी ही गोष्ट दंतवैद्याला न विचारता सांगावी. दात काढल्यावर अशा जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो.

प्रतिजैविकांबाबत पुरावा आखूड मात्रेच्या बाजूने आहे. रोपणापूर्वी एक तास २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन दिल्याने सुरुवातीचे अपयश घटते. २०१३ मधील कॉक्रेन आढाव्याच्या हिशेबाने २५ जणांना अशी मात्रा दिली की एकाचे अपयश टळते. त्यानंतर आठवडाभर गोळ्या चालू ठेवण्याची प्रथा आपल्याकडे सार्वत्रिक असली तरी निरोगी रुग्णात तिला भक्कम आधार नाही, आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न पाहता ती तपासून घेण्याजोगी आहे.

घरी पाळावयाचे नियम गुठळीभोवती फिरतात. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने ओढून पिऊ नये. पहिले काही दिवस पेज, मऊ भात, खिचडी, दही असे कोमट किंवा थंड अन्न चालते. शेजारचे दात मऊ ब्रशने घासत राहावेत. जखमेच्या भीतीने सारे तोंडच न घासणे हीच जंतूंना सर्वांत मोठी सोय. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक वाटते आणि मग उतरते. उलट, शांत झालेली जागा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा ठसठसू लागली, दाबल्यावर दुखली किंवा तात्पुरता दात हलल्यासारखा वाटला तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. दात हलतो की आतला खिळा, हे त्याच दिवशी ओळखता येते. केवळ वरचा स्क्रू सैल झाला असेल तर उपाय पाच मिनिटांचा असतो.

इम्प्लांट जुळले की नाही हे आता केवळ ठोकून पाहण्यावर अवलंबून नाही. एका छोट्या खुंटीला चुंबकीय कंपन देऊन स्थैर्याचा अंक मोजणारी उपकरणे शहरी रुग्णालयांत उपलब्ध आहेत. रोपणाच्या दिवशीचा अंक, मधल्या तळातला अंक आणि तीन महिन्यांनंतरचा अंक यांची तुलना अधिक बोलकी असते. एकट्या अंकावरून फारसे कळत नाही. कायमचा दात साधारणपणे ३ ते ६ महिन्यांनी चढवतात. त्याच दिवशी घेतलेले क्ष-किरण चित्र पुढील सर्व तुलनांचा आधार ठरते, कारण पहिल्या वर्षानंतरही हाडाची कड खाली जात राहिली तर इम्प्लांटभोवतीच्या दाहाचा संशय घ्यावा लागतो. त्या आजारात वेदना उशिरा येते, आणि हिरडीतून रक्त येणे हेच बहुधा पहिले लक्षण असते.

देशात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७चे नियम लागू असून १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. बाजारात कोरियन, इस्रायली, स्विस, स्वीडिश आणि भारतीय अशा अनेक बनावटींची इम्प्लांटे आहेत, आणि एका बनावटीचा जोडतुकडा दुसऱ्या बनावटीला सहसा बसत नाही. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर नाव, व्यास, लांबी आणि उत्पादन-गट यांची चिकटपट्टी असते. तिची एक प्रत रुग्णाच्या कागदावर लावून मागता येते. लखनौत रोपण करून नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या किंवा मुंबईत रोपण करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या रुग्णाचा स्क्रू दहा वर्षांनी सैल झाला, तर नव्या दंतवैद्याला नेमकी कोणती किल्ली लागेल हे त्या दोन इंची कागदावरूनच कळते.